सोलो सीट बसवायची आहे: वस्तूला वस्तू अदलाबदल करताना आणि बसवताना काय पाहावं?

रानवाट

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे हार्ली-डेव्हिडसनची २०१२ सालची स्पोर्टस्टर ८८३ आहे. तिच्यावर दोघांची सीट, बॅकरेस्ट आणि काढता-घालता येणारी विंडशील्ड आहे. मी जवळजवळ नेहमी एकटाच फिरतो. मागची अर्धी सीट, तो उभा बॅकरेस्ट, सगळं उगाच वाहत असतो असं वाटतं. गाडीची मागची रेषा उघडी दिसावी, सीट थोडी खाली यावी आणि बसल्यावर गाडीच्या आत बसल्यासारखं वाटावं, ही इच्छा जुनी आहे.

ओळखीतल्या एका रायडरकडे चामड्याची, खाली दोन स्प्रिंगा असलेली सोलो सीट आहे. त्यालाही स्पोर्टस्टरच आहे, पण सालात फरक आहे. आता त्याला बायकोला घेऊन लांब जायचंय, त्यामुळे माझी जोडसीट आणि बॅकरेस्ट हवाय. पैशांचा व्यवहार नाही, वस्तूला वस्तू.

माझी अट एकच आहे. गाडी कापायची नाही, फ्रेमवर वेल्डिंग करायचं नाही आणि मनात आलं की मूळसारखी जोडसीट परत बसवता आली पाहिजे. अशा अदलाबदलीत काय तपासून घ्यावं? स्प्रिंगची सीट रोजच्या चालवण्याला खरंच चांगली, की फक्त दिसायला? ज्यांनी बसवली आहे त्यांनी सविस्तर लिहा.

---

तेलकट_हात

आधी साल विचारा. स्पोर्टस्टर म्हटलं की सगळ्या सीट एकमेकींना बसतील असं वाटतं, पण तसं नाही. या गाडीच्या बऱ्याच सीट २००४ ते २००६ आणि २०१० नंतरच्या गाड्यांना एकत्र चालतात. मधल्या २००७ ते २००९ च्या गाड्यांची बसवणी वेगळी असते. तुमची २०१२ ची. समोरच्याची २००८ ची असेल तर त्याच्या सीटचं किट तुम्हाला आणि तुमची जोडसीट त्याला, दोन्ही अडू शकतात. अदलाबदलीत दोघांनाही बसलं पाहिजे, नाहीतर एकाची मैत्री आणि दुसऱ्याची सीट जाते.

दुसरी गोष्ट, सीट म्हणजे फक्त गादी नव्हे. स्प्रिंगवाल्या सीटबरोबर पुढची बिजागरी, तिचा पिन, बुश, दोन स्प्रिंगा, स्प्रिंगचे वरचे-खालचे बोल्ट, वायसर, स्पेसर आणि फ्रेमला धरणारी पट्टी असा सगळा संच येतो. लोक गादी देतात आणि 'बाकीचं कुठेतरी पेटीत आहे' म्हणतात. ती पेटी समोर उघडल्याशिवाय आपली सीट हातातून सोडू नका. पट्टी गाडीनुसार बनवलेली असते, ती हरवली तर उरलेली सीट म्हणजे महागडं उशीचं कव्हर.

तिसरं, सीट उलटी करून बघा. वरचं चामडं सगळे बघतात. खालच्या पत्र्यावर बोल्टच्या भोकाभोवती बारीक तडा आहे का, वेल्डिंगच्या कडेने गंजाची रेघ आहे का, भोक गोलाचं लांबट झालंय का, हे पाहायचं. स्प्रिंगच्या शेवटच्या वेटोळ्यावरचा मुलामा उडून तिथे गंजाचे खड्डे पडले असतील तर ती स्प्रिंग घेऊ नका. स्प्रिंग खड्ड्यापासूनच तुटते.

आणि बोल्ट. हार्लीवर इंची आटे भरपूर आहेत. मागच्या मडगार्डवर सीट धरणारा बोल्ट १/४-२० चा, म्हणजे पाव इंच जाड आणि इंचाला वीस आट्यांचा असतो. एम ६ चा (६ मिमी, मेट्रिक) बोल्ट त्यात ढिला का होईना, दोन-तीन फेऱ्या फिरतो, म्हणून लोकांना बसला असं वाटतं. पाना लावला की आटे जातात. पेटीत आलेला प्रत्येक बोल्ट हाताने पूर्ण आत जातो का ते बघूनच पाना लावा.

---

चाकोरी_सोडून

म्हणजे आता रानवाटरावांकडून लिफ्ट मिळण्याची आशा सोडायची तर! :)

बसवल्यावर फोटो टाका हो. वाट बघतोय.

---

जुनी_बुलेट

तेलकट_हात यांच्याशी सहमत. 'दिसायला की वापरायला' या प्रश्नावर मात्र थोडं मागे जाऊन बोलावं लागेल.

स्प्रिंगची सीट हा सजावटीचा प्रकार म्हणून जन्मला नाही. पूर्वी बहुतेक गाड्यांना मागे सस्पेन्शनच नसायचं. मागचं चाक थेट फ्रेमला आवळलेलं. रस्त्याचा प्रत्येक दणका थेट मणक्यात. मग सीटखालच्या स्प्रिंगा हेच चालवणाऱ्याचं सस्पेन्शन होतं. हार्लीने १९१२ च्या सुमारास सीटच्या दांड्यातच, फ्रेमच्या नळीत, स्प्रिंग घातली. बर्मिंगहॅमची ब्रुक्स ही सायकलच्या चामडी सीटसाठी ओळखली जाणारी कंपनी मोटरसायकलच्याही सीट बनवायची. हार्लीच्या मोठ्या गाडीला मागचे शॉक थेट १९५८ मध्ये मिळाले. पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन, म्हणून नाव ड्युओ-ग्लाइड. शॉक आले, स्विंगआर्म (मागचं चाक धरून वर-खाली हलणारा हात) आला, तशी स्प्रिंगांची गरज गेली आणि लांब जोडसीट सगळीकडे आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लोकांनी लष्करातून निघालेल्या आणि जुन्या गाड्यांचे मडगार्ड कापून, जड सामान उतरवून त्या हलक्या केल्या. अशा कापून हलक्या केलेल्या गाडीला बॉबर म्हणतात, आणि ती तेव्हाच लोकप्रिय झाली. तिच्यावरची एकट्याची सीट आज आपल्याला आवडते ती तिथूनच. पण त्या गाड्या मागे कडक होत्या, हे विसरलं जातं.

तुमच्या स्पोर्टस्टरला मागे शॉक आहेत. त्यावर स्प्रिंगची सीट म्हणजे एकावर एक दोन स्प्रिंगा. शॉकमध्ये तेल असतं, ते उसळी विझवतं. सीटच्या स्प्रिंगेत विझवणारं काहीच नाही. मोठ्या खड्ड्यानंतर गाडी शांत होते आणि तुम्ही मात्र अजून खालीवर होत असता. मऊ स्प्रिंगा असतील तर वळणात हे जास्त जाणवतं, कारण कंबर हलली की हातही हँडलबारवर हलतो.

म्हणून माझं मत: शॉक असलेल्या गाडीवर स्प्रिंगा लावायच्याच असतील तर आखूड आणि कडक लावा. तुम्ही बसल्यावर एखाद सेंटीमीटर दबल्या तरी पुरे. खरा आराम शॉकवर सोडा.

---

सायली_क

जुनी बुलेट काका, माहिती छान, पण शेवटच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. 'कडक स्प्रिंग लावा' हा सल्ला पंच्याऐंशी किलोच्या माणसाला ठीक आहे. माझं वजन त्याच्या जवळपासही नाही. माझ्यासाठी कडक स्प्रिंग म्हणजे लाकडी पाट. स्प्रिंग वजनाला धरून निवडायची असते. शिवाय सगळं वजन सीटवर नसतंच. काही पायांत, काही हातांत जातं. पुढची बिजागरी एक वाटा उचलते आणि उरलेलं दोन स्प्रिंगांत विभागलं जातं. त्यामुळे दुसऱ्याच्या सीटवरच्या स्प्रिंगा त्याच्या वजनाच्या असतात हे धरून चाला. रानवाट, समोरच्या माणसाचं वजन तुमच्यापेक्षा बरंच कमी-जास्त असेल तर सीट घ्या, स्प्रिंगा मात्र आपल्या वजनाच्या वेगळ्या बघा.

आता ज्याबद्दल कुणी बोललं नाही ते. सीट बदलली की बसण्याची जागा बदलते. सोलो सीट साधारणपणे खाली आणि मागे नेते. सीट खाली गेली, फूटरेस्ट तिथेच राहिले, की गुडघा जास्त दुमडतो. मागे गेलात की हात ताणले जातात आणि खांदे पुढे ओढले जातात. तासाभरात काही जाणवत नाही, दिवसभरात जाणवतं. लोक सीटला नावं ठेवतात, दोष मात्र हँडलबार आणि सीटमधल्या अंतराचा असतो.

घरीच बघता येतं. गाडी स्टँडवर सरळ उभी करा, आत्ताच्या सीटवर बसा, कंबरेपासून हँडलच्या मुठीपर्यंत आणि बैठकीच्या हाडापासून फूटरेस्टपर्यंत दोरीने माप घ्या. नवी सीट नुसती ठेवून तेच माप घ्या. पाच-सहा सेंटीमीटरचा फरक असेल तर हँडलबारचाही विचार करावा लागेल.

ट्रायम्फच्या बॉनव्हिल बॉबरकडे बघा. सोलो सीट कारखान्यातूनच, आणि ती वर-पुढे किंवा खाली-मागे सरकवता येते. सर्वांत खाली ६९० मिमी. सीट एका जागी ठोकून दिली की ती एकाच मापाच्या माणसाची होते, हे त्यांनी ओळखलं. आपल्या पट्टीत भोकाऐवजी लांबट खाच असली तर आपल्यालाही थोडंफार ते जमतं.

---

जुनी_बुलेट

सायलीताई, वजनाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. 'कडक' म्हणजे ज्याच्या त्याच्या वजनाला कडक, असं म्हणायला हवं होतं. उसळीबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम आहे.

---

फोमवाला

माझं कामच सीट शिवण्याचं आहे, म्हणून गादीबद्दल लिहितो.

स्प्रिंगची चामडी सीट दोन प्रकारची असते. एकात चामडं पत्र्याच्या कडेवर ताणलेलं असतं, मध्ये पोकळी. चामडंच झोळीसारखं वजन पेलतं. दुसऱ्यात खाली पूर्ण पत्रा, त्यावर फोम आणि वर चामडं. हल्ली मिळणाऱ्या बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या. दाबून बघा: बोट आत जाऊन खाली टणक पत्रा लागत असेल तर फोम मेलाय. वरून सीट नवी दिसत असली तरी फोम मेलेला असू शकतो.

मऊ फोम म्हणजे आराम असं समजू नका. दुकानात बसून मऊ वाटतो तो फोम अर्ध्या तासात पूर्ण दबतो आणि मग तुम्ही पत्र्यावरच बसलेले असता. खाली घट्ट आणि वर पातळ मऊ थर, हे जमतं. सोलो सीटला जाडी कमी असते म्हणून घनता जास्त हवी. रुंदीही बघा: बैठकीची दोन्ही हाडं गादीवर आली पाहिजेत, कडेच्या शिवणीवर नव्हे. पुढचं नाक मात्र अरुंद हवं, नाहीतर पाय जमिनीला नीट टेकत नाहीत. सीट एक इंच खाली घेऊन नाक दोन इंच रुंद केलं तर कमावलेली उंची गेली.

पाणी हा चामड्याचा शत्रू. शिवणीच्या भोकातून पाणी आत जातं, फोम ते धरून ठेवतो आणि पत्रा आतून गंजतो. पत्र्याला खालून निचऱ्याची छोटी भोकं आहेत का पाहा. ओलं चामडं उन्हात किंवा हीटरपुढे वाळवू नका, ते आक्रसून तडकतं. सावलीत वाळवून मग चामड्याचं मेण लावा. पावसात रोज चालवायची असेल तर मी स्वच्छ सांगतो, चांगलं रेक्झिन घ्या. दिसायला चामड्याच्या जवळ जातं आणि चिंता राहत नाही.

---

मागची_सीट

सगळे बसवायचं कसं ते सांगताय. मी बसवू नका म्हणायला आले आहे.

माझी बहुतेक भटकंती नवऱ्याच्या मागे बसून झाली आहे. मागच्या माणसाला रस्ता वेगळा दिसतो, बोलणं होतं, नकाशा हातात असतो. सोलो सीट लावली की ती शक्यताच संपते. एखाद्याला तातडीने घरी सोडायचं असेल, वाटेत कुणाची गाडी बंद पडली असेल, तर काय करणार? मडगार्डवर उशी बांधून माणूस बसवलेला मी पाहिलाय. पडला तर जबाबदारी चालवणाऱ्याची.

रानवाट, तुम्ही 'जवळजवळ नेहमी' लिहिलंय. त्या 'जवळजवळ'चा विचार करा.

---

उनाड_चाक

@मागची_सीट, मडगार्डवर उशी ठेवून कुणाला बसवणं हे चूकच, त्यात दुमत नाही. अनेक ठिकाणच्या नियमांत मागे बसणाऱ्याला पक्की बांधलेली सीट आणि स्वतंत्र पायटेकू लागतातच. आणि गाडीच्या कागदांवर दोघांची आसनक्षमता असेल तर सीट काढल्यावर काय करायचं ते आपल्या इथल्या नोंदणी कार्यालयात आधी विचारून घ्यावं. विम्याच्या वेळी हा प्रश्न निघतो.

पण उरलेला वाद 'एकतर हे किंवा ते' असा का करायचा? रॉयल एनफील्ड क्लासिकच्या जुन्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेल्या) मॉडेलवर चालकाची सीट वेगळी आणि मागची वेगळी होती. मागची चार नटबोल्टांत काढा, हवी तेव्हा लावा. मी तेच करतो. एकटा निघालो की मागच्या जागी सामानाची जाळी, दोघं निघालो की सीट. रानवाटना पुढेमागे असंच काही हवं असेल तर मागच्या मडगार्डवरचं बोल्टचं भोक बुजवू नका, रबरी टोपण लावून ठेवा.

---

इलेक्ट्रॉन

वायरिंगबद्दल अजून एक शब्द नाही, म्हणून लिहितो, कारण मला सगळ्यात मोठा धोका इथे दिसतो.

कारखान्याच्या सीटचा तळ बहुतेक वेळा प्लास्टिकचा असतो. स्प्रिंगच्या सोलो सीटचा तळ लोखंडी पत्र्याचा. स्पोर्टस्टरची बॅटरी सीटखालीच आहे. स्प्रिंग दबली, पत्रा खाली आला आणि बॅटरीच्या धन टोकाला टेकला, की थेट शॉर्ट. सीट फ्रेमला जोडलेली, फ्रेम ऋण. ठिणगी, धूर, वितळलेली वायर, यापैकी काहीही. धन टोकावर जाड रबरी टोपी हवीच, आणि ती असूनही पत्रा आणि बॅटरी यांच्यात पूर्ण दबल्यावरही मोकळी जागा राहिली पाहिजे.

काम सुरू करताना बॅटरीची ऋण वायर आधी सोडा आणि जोडताना ती शेवटी जोडा. धन टोक आधी सोडायला गेलात आणि पाना फ्रेमला लागला तर तोच शॉर्ट.

सीटखालून जाणारी वायरची जुडी स्प्रिंगच्या वाटेत येते का बघा. स्प्रिंगेची वेटोळी दबताना एकमेकांजवळ येतात आणि मध्ये सापडलेली वायर हळूहळू सोलतात. जुडी बाजूला सरकवून नव्या जागी बांधा, वर वेणीचं आवरण घाला. मागचा दिवा किंवा इंडिकेटर हलवणार असाल तर त्यांचीही तीच काळजी. आणि कमी वॅटचे एलईडी इंडिकेटर लावल्यावर ते भराभर लुकलुकू लागले तर वायरिंग बिघडलं समजू नका. ब्लिंकरला बल्ब उडाल्यासारखं वाटतं, कारण करंट कमी जातो. त्याला जुळणारा रिले किंवा लोड रेझिस्टर लागतो.

---

नवशिक्या

विषय थोडा बाजूला नेतोय, माफ करा. सायलीताईंनी हँडलबारचं लिहिलं म्हणून विचारतो. मी उंच हँडलबार अदलाबदलीत घेतला. केबल पुरतात का हे कसं ओळखायचं? सरळ धरल्यावर तर पुरतात असं दिसतंय.

---

तेलकट_हात

सरळ धरून नाही कळणार. गाडी न्यूट्रलमध्ये चालू करा, इंजिन गरम होऊन आयडलला स्थिर होऊ द्या आणि हँडल डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत हळू फिरवा. थ्रॉटलला हात न लावता आवाज वाढला तर केबल ताणली जातेय. अशी गाडी रस्त्यावर नेऊ नका. वळण घेताना हँडल वळवलं की ती आपोआप वेग घेईल. क्लचची केबल दोन्ही टोकांना मोकळी खेळते का बघा. ब्रेकचा होज तर ताणला जाताच कामा नये, आणि चाक वर-खाली होताना त्याला पुरेशी ढील हवी. आखूड पडला तर लांब होज नवा घ्या. वापरलेला ब्रेकचा होज, वापरलेले ब्रेक पॅड आणि वापरलेलं हेल्मेट, या तीन गोष्टी अदलाबदलीत कुणाकडूनही घेऊ नयेत. हेल्मेट एकदा आपटलं असेल तर बाहेरून काही दिसत नाही, आतला थर्माकोल दबलेला असतो.

---

रानवाट

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. समोरच्याकडे जाऊन सीट पाहिली. उत्तरं अशी:

त्याची गाडी २०११ ची आहे, म्हणजे साल जुळतंय. पट्टी, बिजागरी, बोल्ट सगळं पेटीत आहे. पत्र्याला तडा नाही. स्प्रिंगा तीन इंची, सरळ वेटोळ्याच्या, गंज नाही. त्याचं वजन माझ्याइतकंच. बिजागरीच्या पिनचं भोक मात्र थोडं लांबट झालंय, सीट हाताने डावी-उजवी हलते. स्प्रिंगांची खालची टोकं त्याने मडगार्डवरच भोकं पाडून बसवली होती. मला मडगार्डला भोकं पाडायची नाहीत. पर्याय काय?

आणि @मागची_सीट, तुमचं लिहिणं मी परतपरत वाचलं. घरी बोललो. मागे बसणारं माणूस घरात एकच, माझी बहीण, आणि तिने स्वतःची गाडी घेतली आहे. म्हणून माझा निर्णय कायम, पण तुम्ही विचारलंत ते बरं केलंत.

---

मागची_सीट

बहिणीने स्वतःची गाडी घेतली हे सगळ्यात आवडलं. मग बसवा खुशाल. :)

---

तेलकट_हात

मडगार्डला भोकं न पाडण्याचा निर्णय चांगला. मडगार्डचा पत्रा पातळ असतो आणि तुमचं वजन त्याच दोन बिंदूंवर सतत आपटत राहतं. भोकाच्या कडेने तडा जातो. ज्यांनी आधीच भोकं पाडली आहेत त्यांनी आतून जाड पट्टी लावून भार पसरवावा. तुमच्यासाठी पर्याय म्हणजे स्प्रिंगेची खालची टोकं फ्रेमला धरणारी आडवी पट्टी. मडगार्डच्या बाजूंना फ्रेमचे जे मजबूत पाय मागे जातात आणि शॉकचे वरचे बोल्ट जिथे असतात, त्या भागात आधीपासून असलेल्या बोल्टवर अशी पट्टी बसते. तयारही मिळते, बनवूनही घेता येते. वेल्डिंग करायचं ते पट्टीवर, गाडीपासून लांब. गाडीवर कधीच नाही.

मडगार्डच्या आत बोल्टची टोकं किती बाहेर येतात ते बघायला विसरू नका. बॅकरेस्ट काढला की त्याच्या पट्टीची जाडी कमी होते आणि तोच बोल्ट तेवढाच जास्त आत घुसतो. चाक शॉकबरोबर वर येतं तेव्हा टायर त्याला घासून कापला जातो. बोल्ट आखूड घ्या, किंवा पट्टीच्या जाडीएवढा स्पेसर घाला.

लांबट झालेलं भोक: गोल करून त्यात बाहेरून ब्राँझचं किंवा नायलॉनचं बुश दाबून बसवा, पिन नवी घ्या. हे काम लेथवाल्याकडून करून घ्या, हाताच्या ड्रिलने भोक तिरकं जाईल. पिनला ग्रीस लावा. नट आवळताना बिजागरी हलली पाहिजे पण डावी-उजवी खेळता कामा नये. इथे नायलॉनची रिंग असलेला नट वापरा आणि काढला की नवा घाला, त्याची पकड दर वेळी कमी होत जाते. बाकी बोल्टांना निळं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा द्रव) पुरे. लाल लावलंत तर पुढच्या वेळी गरम केल्याशिवाय निघणार नाही, आणि गरम करायला तिथे पेट्रोलची टाकी आहे.

---

इलेक्ट्रॉन

बसवल्यावर 'पूर्ण दबल्यावर काय होतं' हे अंदाजाने ठरवू नका. प्लॅस्टिसिनचे, म्हणजे मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे, गोळे बॅटरीच्या टोपीवर, वायरच्या जुडीवर आणि मडगार्डवर ठेवा. सीट बसवा. दोघांनी मिळून पट्ट्याने सीट खाली ओढून स्प्रिंगा शेवटपर्यंत दाबा. मग सीट उचलून गोळ्यांची उरलेली जाडी मोजा. कुठे गोळा चपटा होऊन कागद झाला असेल तर तिथे टक्कर आहे.

---

जुनी_बुलेट

उत्तम युक्ती. ज्यांचा मडगार्ड फ्रेमवर नसून स्विंगआर्मवर आहे त्यांनी याच्या पुढे जायला हवं. त्या गाड्यांत चाकाबरोबर मडगार्डही वर येतो आणि सीट खाली जाते; दोघं समोरासमोर भेटतात. शॉक सोडून स्विंगआर्म हाताने वरच्या टोकाला नेऊन, सीटही दाबलेली ठेवून तपासा. रानवाटच्या गाडीत मडगार्ड फ्रेमलाच आहे, त्यामुळे ही अडचण येऊ नये.

आणखी एक. दोघांसाठी शॉकचं प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवलेलं असेल तर आता एकट्यासाठी ते कमी करा. तुम्ही बसल्यावर मागचा शॉक त्याच्या एकूण हालचालीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश दबला पाहिजे. शॉक कडक ठेवून सीटच्या स्प्रिंगांना दोष देणारे बरेच बघितले आहेत. मागची उंची बदलली की हेडलाइटचा झोतही बदलतो, तोही भिंतीवर लावून बघा.

---

सायली_क

आणि सामान? बॅकरेस्ट गेला की लोक मोठी बॅग मडगार्डवर आवळतात. सोलो रॅक लावलात तर त्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा पाळा, ती बहुधा थोड्याच किलोंची असते. मागच्या आसाच्या मागे ठेवलेलं वजन पुढचं चाक हलकं करतं, वेगात हँडल भिरभिरतं. जड वस्तू बाजूच्या पिशव्यांत, खाली आणि पुढे. वर फक्त रेनकोट नि झोपायची पिशवी.

---

रानवाट

बसली! अदलाबदल झाली, दोघंही खूश.

बिजागरीला बुश बसवून घेतलं, आडवी पट्टी शॉकच्या बोल्टवर बसली, मडगार्डला एकही भोक नाही. इलेक्ट्रॉन यांची मातीची चाचणी केली. बॅटरीच्या टोपीवरचा गोळा बोटभर जाड राहिला, पण वायरच्या जुडीवरचा कागदासारखा चपटा झाला. जुडी उजवीकडे नेऊन पुन्हा दाबून पाहिलं, आता मोकळी आहे. ही चाचणी केली नसती तर हे कळायचा दुसरा मार्ग नव्हता.

आता माझ्याच पहिल्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे रोजच्या वापराला चांगली का. माझ्यापुरतं: शहरात आणि छोट्या रस्त्यांवर फार छान. मधल्या आकाराचे खड्डे कंबरेपर्यंत येतच नाहीत. वेगात, लांब लाटेसारख्या रस्त्यावर जुनी बुलेट म्हणतात ती उसळी आहे, खोटं बोलणार नाही. प्रीलोड दोन पायऱ्या कमी केल्यावर बरीच घटली. सीट खाली-मागे गेल्यामुळे हात थोडे ताणले जातात, त्यासाठी हँडलबारचे क्लॅम्प ढिले करून तो किंचित माझ्याकडे फिरवला आणि केबलची हँडल फिरवण्याची चाचणीही केली. आवाज वाढला नाही.

विंडशील्ड अजून माझ्याकडेच आहे. कुणाला मागच्या रॅकच्या बदल्यात हवी असेल तर सांगा. खाचा, कड्या, रबर, सगळं संचासकट देईन.

---

फोमवाला

अभिनंदन! पहिल्या काही फेऱ्यांनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. नवी गादी आणि नवं बुश दोन्ही थोडे बसतात, म्हणून आवळलेलं ढिलं होतं.

---

नवशिक्या

माझं हँडलबारचं काम झालं, क्लचची केबल लांब घ्यावी लागली. आता मलाही सोलो सीट हवीशी वाटायला लागली आहे. माझ्या गाडीत मागच्या पायटेकूची पट्टी दोन्ही बाजूंना आहे, सीट काढली तर तीही काढून टाकू का? एका बाजूला तिलाच सायलेन्सर लटकवलेला दिसतोय.

---

तेलकट_हात

पट्टी काढू नका! तिच्यावरच सायलेन्सरचा भार आहे. काढलीत तर सायलेन्सर फक्त इंजिनपाशी धरलेला राहील आणि कंपनांनी एक्झॉस्टचे बोल्ट किंवा पाइप तडकेल. फक्त पायटेकूची पिन काढा आणि पायटेकू काढून ठेवा. पट्टी आहे तिथेच राहू द्या. ती दिसायला नकोच असेल तर त्याच भोकांवर बसणारी, फक्त सायलेन्सर धरणारी आखूड पट्टी बनवून घ्या, मूळ पट्टीइतक्याच जाड पत्र्याची. सायलेन्सरच्या बोल्टला रबरी बुश असेल तर तेही नव्या पट्टीत घालायचं. आणि काढलेले पायटेकू, पिना, स्प्रिंगा एका पिशवीत बांधून वर गाडीचं नाव आणि साल लिहून ठेवा. उद्या कुणाशी अदलाबदल करायची झाली तर तीच पिशवी लागेल.